हवेचा पंचनामा

"मास्क दिला होता, त्यानेच घातला नाही." कामाच्या ठिकाणी माणूस गुदमरून मेला, किंवा वीस वर्षांनी छाती भरून खाटेला खिळला, की मालक, ठेकेदार, सुपरवायझर सगळे हेच म्हणतात. वाक्य खोटं असेलच असं नाही. मास्क खरंच दिलेला असतो, त्याची पावती असते, वहीत सही-अंगठाही असतो. माझी तक्रार वेगळी आहे. या एका वाक्यावर चौकशी संपते. हवेत विष कुठून आलं, किती होतं, कधीपासून होतं, ते कुणी मोजलं होतं का, हे विचारायच्या आतच फाइल बंद होते.

हे प्रश्न विचारणं हा जगात पूर्ण वेळचा पेशा आहे. फॉरेन्सिक इंजिनिअर, म्हणजे दुर्घटनेचं तांत्रिक कारण शोधणारा माणूस, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोसळलेला पूल येतो, नाहीतर जळालेला ट्रान्सफॉर्मर. तुटलेला गर्डर जपून ठेवता येतो, भिंगाखाली धरता येतो. श्वासाशी संबंधित प्रकरणात काम करणाऱ्याचा पुरावा मात्र संध्याकाळी पंखा लावला की निघून जातो आणि आजार उगवतो दहा-वीस वर्षांनी. तोवर गाळा दुसऱ्याला विकलेला, यंत्र भंगारात, मुकादम गावी. मग हा माणूस खरेदीच्या जुन्या पावत्या शोधतो: कोणती रेती, कोणता दगड, किती पोती. नकाशावरून खोलीचं घनफळ काढतो, एक्झॉस्टचा आकार आणि मोटरची ताकद बघतो, सोबतच्या कामगारांना एकेक कृती करून दाखवायला सांगतो. शेवटी तसंच हत्यार आणि तसाच माल घेऊन बंद खोलीत तेच काम पुन्हा करवतो आणि हवा मोजतो. त्यातून जो आकडा निघतो, तो किमान अमुक आणि कमाल तमुक अशा भाषेत असतो, आणि न्यायालयात तो उलटतपासणीला उभा राहतो. अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांनी या पेशाला बळ दिलं.

मुंबईत या विषयाचं बीज नाही असं नाही. सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट १९६६ पासून उभी आहे. तिथे औद्योगिक आरोग्याचा विभाग आहे, श्वसनसाधनं तपासण्याची सोय आहे, कारखान्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी अभ्यासक्रम आहे. माटुंग्याला व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय, परळला केईएम रुग्णालय, कलिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. सगळं सामान सायनपासून पाच-सात किलोमीटरच्या आत आहे. तरी एखाद्या मुलीने केमिकल इंजिनिअरिंग करून 'मला कामाच्या जागेवरच्या हवेचा तपास करायचा आहे' असं ठरवलं, तर ती शेवटी सेफ्टी ऑफिसर होते. कारण पदं तिथेच आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेप्रमाणे ५०० कामगारांच्या कारखान्यात आणि २५० कामगारांच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. तो हेल्मेट बघतो, पट्टा बघतो, परांची नीट बांधली आहे का ते बघतो. आवश्यकच काम आहे ते. पण त्याचा पगार कंपनी देते, आणि त्याचं यश गेटवरच्या फलकावर मोजलं जातं: 'अपघाताविना इतके दिवस.' कुणी वरून पडला तर तो आकडा शून्यावर येतो. फुप्फुसात धूळ साठत गेली म्हणून तो फलक आजवर कुठे शून्यावर आल्याचं मी पाहिलेलं नाही.

झटपट मृत्यूंचं उदाहरण आधी घेऊ, कारण तिथे 'मास्क घातला नाही' या वाक्याचा फोलपणा उघडा पडतो. ९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. गटार नव्हतं ते, पाण्याची टाकी होती. बंद टाकीत प्राणवायू कमी होण्याची कारणं अनेक असतात: गंजणारं लोखंड प्राणवायू खातं, साचलेल्या पाण्यात कुजणारी शटरिंगची लाकडं खातात. नेहमीच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात, आणि तो दहाच्या खाली असेल तर माणसाला 'मला काहीतरी होतंय' हे कळायच्या आत तो कोसळतो. अशा जागी गाळणीचा कोणताही मास्क, अगदी एन-९५ सुद्धा, कुचकामी असतो. मास्क गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. तिथे लागतो तो उतरण्याआधी हवा तपासणारा हातातला मीटर, आत हवा सोडणारा ब्लोअर, बाहेरून हवा पुरवणारं श्वसनयंत्र, आणि दोर धरून वर उभा असलेला माणूस. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात यातलं बरंच काही लिहिलेलं होतं.

अशा मृत्यूनंतर आपली यंत्रणा काय करते? पोलीस पंचनामा करतात, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा कलिन्याला जातो. टाकीतली हवा मात्र कुठेच जात नाही. अग्निशमन दलाने माणसं काढताना आत हवा सोडलेली असते, ती सोडलीच पाहिजे, त्यामुळे मूळ हवा गेलेली असते. पण तपास तिथे संपायचं कारण नाही. टाकी किती दिवस बंद होती, आत काय साचलं होतं, टाकीला आतून दिलेला लेप ताजा होता का, हे नोंदवून तीच टाकी पुन्हा बंद करून ठेवायची आणि रोज एका भोकातून नळी सोडून मीटर लावायचा. आठवड्याभरात कारण हाती येऊ शकतं. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात यासाठी रकाना नाही आणि तो भरू शकेल असा माणूस पोलिसांच्या यादीत नाही. मग उरतं निष्काळजीपणाचं कलम, अटक झालेला ठेकेदार, आणि पुढची टाकी.

धुळीची गोष्ट याहून कठीण आहे, आणि मुंबईत ती जवळजवळ प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरातून जाते. सोसायटीत कुणाकडे ओटा बदलायचं काम निघालं की कारागीर जिन्याच्या मोकळ्या जागेत किंवा बाल्कनीत बसून ग्रॅनाइट कापतो. हातात कटर, तोंडाला रुमाल. पांढरा धूर उठतो, शेजारी दार लावून घेतात, सेक्रेटरी आवाजाची तक्रार करतो. नीट बघितलं तर कधीकधी त्याच्या बाजूला एक पोऱ्या बसलेला दिसतो, झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली पात्यावर पिळत. त्या बाटलीने धूळ बहुतांशी बसते. एवढा स्वस्त उपाय, मग सगळे का करत नाहीत? आपण म्हणतो, बेफिकीर आहेत. मी एकदा एका कारागिराला विचारलं, त्याने उत्तर न देता कटरची वायर दाखवली. तीन ठिकाणी टेप. त्या वायरवर पाणी मारायचं म्हणजे शॉक. शिवाय पैसे फुटावर मिळतात, मदतनीस ठेवला तर त्याची मजुरी त्याच फुटांतून जाते. आणि ओल्या चिखलाने लादी खराब झाली तर घरमालक ओरडतो, म्हणजे आपणच.

फॉरेन्सिक नजर म्हणतात ती हीच. धूळ का उडाली याचं उत्तर कारागिराच्या स्वभावात शोधायचं नाही. वायरीत, फुटाच्या दरात, आणि अर्थिंग असलेल्या प्लगच्या अभावात शोधायचं.

दगडादगडात फरक आहे, तोही लक्षात ठेवायला हवा. मुंबईचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, त्यात मोकळी सिलिका, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ हे फुप्फुसाला घातक खनिज, फार कमी. धोका बाहेरून येतो: ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ साधारण पाव हिस्सा असतो, राजस्थानच्या वाळूच्या दगडात त्याहून पुष्कळ जास्त, आणि हल्ली नव्या फ्लॅटमध्ये 'क्वार्ट्‌झ टॉप' म्हणून जो कारखान्यात बनवलेला दगड लावतात त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक असू शकतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तिथे ऐन तिशी-चाळिशीतल्या कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने फुप्फुसात व्रण पडण्याचा आजार, होऊ लागला. हा आजार बरा होत नाही. काम सोडलं तरी पुढे सरकत राहू शकतो. आणि आपल्याकडे तो हमखास क्षयाच्या नावाखाली जातो. एक्स-रेमध्ये दोन्हींचे डाग वरच्या भागात, खोकला तोच, वजन उतरणं तेच. शिवाय सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात क्षय खरोखरच लवकर शिरतो, म्हणजे निदान अर्धं बरोबरही असतं. १७०० साली इटलीच्या रामाझिनी या वैद्याने डॉक्टरांना सांगून ठेवलंय की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आमच्या ओपीडीत दोन मिनिटांत तो प्रश्न बसत नाही, हे मी डॉक्टरांच्या विरोधात म्हणत नाही, गर्दी बघूनच म्हणतो.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेत २०१६ च्या नियमाने आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम सिलिका ही मर्यादा ठरवली. पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो असं धरलं तर दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे सात-आठ दाणे. आपल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सूत्र दिलं होतं: दहाला क्वार्ट्‌झच्या टक्केवारीत दोन मिळवून भागायचं. निव्वळ क्वार्ट्‌झ असेल तर उत्तर ०.०९८ येतं, अमेरिकेच्या जवळपास दुप्पट. पण मर्यादा ०.०५ की ०.०९८ मिलिग्रॅम यावर वाद घालणं हा आपल्याकडे चैनीचा मामला आहे. मोजतो कोण? त्यासाठी कामगाराच्या कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, छोटी गाळणी लावतात. कमरेचा पंप मिनिटाला दोन लिटरच्या आसपास हवा ओढतो. मोठे कण बाजूला पडतात, फुप्फुसाच्या तळाशी जाणारे बारीक कण गाळणीवर बसतात. पाळी संपली की ती गाळणी सूक्ष्म तराजूवर तोलून क्ष-किरणांनी तिच्यातलं क्वार्ट्‌झ ओळखतात. तोच पंप कॉलरऐवजी दाराजवळच्या खांबाला टांगला तर अहवाल कसा नामी येईल हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा! काम मंद असलेल्या दिवशी मोजलं तर आणखी नामी.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढली. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटांचे पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, स्मॉग गन. शहराच्या हवेसाठी ती गरजेची होती आणि तिच्यामुळे काही फरकही पडला असेल. पण हे पत्रे वाचवतात कुणाला? रस्त्यावरून जाणाऱ्या मला. पत्र्याच्या आत टाइल कापणाऱ्याच्या वाट्याला बंदिस्त जागा, पाण्याचा शिडकावा, आणि पुन्हा मास्क आणि गॉगल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जिथे धूळ उठते त्या पात्यालाच पाण्याची नळी किंवा व्हॅक्यूम जोडा, अशी सक्ती पत्र्याच्या उंचीइतक्या काटेकोरपणे झाली असती, तर आतले आणि बाहेरचे दोघेही सुटले असते.

आता मास्कबद्दल. तो नको असं कुणी म्हणत नाही. पण धोका काढून टाकणं, कमी घातक माल वापरणं, यंत्राला उपाय जोडणं, कामाची पद्धत बदलणं, आणि हे सगळं करून जे उरेल त्याला मास्क, असा क्रम या शास्त्रात शंभर ठिकाणी लिहिलेला आहे. मास्क शेवटी येतो कारण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच चालतो. एन-९५ अत्यंत बारीक कणांपैकी ९५ टक्के अडवतो, तो कडेने हवा शिरत नसेल तर. दाढी असेल तर शिरते. बसतो की नाही हे तपासायची चाचणी असते, मास्कवर टोपी घालून आत गोड किंवा कडू फवारा मारायचा आणि चव लागते का विचारायचं. मुंबईत किती ठेकेदारांनी ही चाचणी केली असेल? मे महिन्यातल्या दमटाईत दहाव्या मजल्यावर आठ तास तो मास्क लावून घणाचं काम करून बघावं, मग 'त्यानेच घातला नाही' म्हणावं.

या वाक्याला कायद्याचंही अंग आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यात अशी तरतूद होती की कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम बाजूला ठेवल्यामुळे अपघात झाला तर मालक जबाबदार नाही. मात्र मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालत नाही. कायदा करणाऱ्यांनी पुढे दुरुस्त्या करून जी मर्यादा घातली, ती आपण बोलण्यात पार विसरलो. मृत्यूच्या प्रकरणातही पहिला प्रश्न तोच.

गिरणगावाने हे सगळं एकदा भोगलेलं आहे. कापूस मोकळा करून पिंजण्याच्या, म्हणजे ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यातली कापसाची धूळ छातीत जाऊन बिसिनोसिस होई. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळायची, मंगळवारी बरं वाटायचं. पुढे पुढे आठवडाभर आवळायला लागायची. अधिसूचित आजारांच्या यादीत त्याचं नाव होतं, म्हणजे निदान करणाऱ्या डॉक्टरने तो सरकारला कळवणं बंधनकारक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि कितीतरी जण दम्याचा खोकला घेऊन कोकणात, घाटावर परत गेले. 'मुंबईची हवा मानवली नाही' म्हणत गेले. कोण कोणत्या खात्यात किती वर्षं होता, तिथे धूळ किती होती, याची कागदपत्रं गिरण्यांबरोबर गेली. आज कुणी दावा लावायचं म्हटलं तर कशावर लावणार?

म्हणून मला २७ जानेवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या त्या प्रकरणात न्यायालयाने आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि सांगितलं, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपा. आजाराचा कालावधी समजून दिलेला असा आदेश आपल्याकडे विरळाच. पण त्यात एक फट राहिली: नोंदी कंपनीने जपायच्या. कंपनीच उरली नाही तर? रे रोडजवळच्या दारूखाना भागात जुनी जहाजं तोडणाऱ्या, साकीनाक्याच्या गाळ्यात धातू घासून चकाकवण्याचं बफिंग करणाऱ्या, दर सहा महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या माणसाची नोंद कोणती कंपनी ४० वर्षं सांभाळणार आहे?

नोंद कामगाराच्या नावाने, सरकारी संस्थेत राहिली पाहिजे. आधार आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असलेल्या देशात 'अमुक तारखेला, अमुक कामावर, हवेत इतकी सिलिका' एवढी एक ओळ माणसाच्या खात्याला जोडणं अवघड नाही. सायनची संस्था हे काम करू शकते. मग जौनपूरला किंवा कणकवलीला परत गेलेल्या माणसाला पंधरा वर्षांनी धाप लागली तर तिथल्या डॉक्टरला ती ओळ दिसेल, आणि फॉरेन्सिक इंजिनिअरला राखेतून आकडा काढावा लागणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की लहान धंद्यांना हे परवडणार नाही, पुन्हा इन्स्पेक्टर राज येईल. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मोजणीचा खर्च गाळेवाल्यावर टाकू नये. दुसऱ्यात मला तथ्य दिसत नाही, कारण वारा उलट दिशेने वाहतोय. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की कारखाना कायदा लागू होई. नव्या संहितेत ती मर्यादा वीस झाली. धोकादायक धंद्यात एक कामगार असला तरी संहिता लावता येईल, अशी सोय सरकारने ठेवली आहे. ती दगड कापण्याला, वाळूच्या माऱ्याने धातू साफ करण्याला (सँडब्लास्टिंग), बफिंगला लावली तर अर्धं काम होईल. निरीक्षकाचं नाव आता 'निरीक्षक-नि-सुलभकर्ता' झालंय. त्याने पंप आणून कॉलरला लावून दिला तर ते नाव सार्थ तरी होईल.

तज्ज्ञाला पैसे कोण देतो हा मात्र खरा अडचणीचा प्रश्न आहे, आणि अमेरिकेकडून तो तसाच उचलू नये. तिथे दोन्ही बाजू आपापला तज्ज्ञ आणतात. कंपनीचा तज्ज्ञ वर्षानुवर्षं 'नक्की सांगता येत नाही' एवढंच सिद्ध करत राहतो. तिथेच १९३०-३१ साली वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टचा बोगदा जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या खडकातून कोरडा खोदला गेला. पुढे काँग्रेससमोरच्या चौकशीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला, आणि पाहणीला येणारे अधिकारी मास्क लावून येत, कामगारांना मात्र तो नव्हता, अशाही साक्षी झाल्या. ज्याला स्वतःचा जीव वाचवायचा होता त्याला धोका ठाऊक होता. आपल्याकडे हा तपासनीस न्यायालयाने किंवा कामगार आयुक्ताने नेमलेला, सरकारी पॅनेलवरचा असावा, आणि त्याचा अहवाल दोन्ही बाजूंना एकाच दिवशी मिळावा.

राजस्थानने २०१९ मध्ये धोरण केलं: सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालं की तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख, आणि कोणत्या मालकाकडे आजार झाला हे सिद्ध करण्याची अट नाही. महाराष्ट्राने ते घ्यावं. पण नुसतं तेवढंच घेतलं तर फुप्फुसांचा दर ठरेल आणि धूळ होती तिथेच राहील.

पैशांचं म्हणाल तर ते आहेत. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर वसूल होतो. पाचशे कोटींच्या एका टॉवरमागे पाच कोटी. तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि त्यातून भांड्यांचा संच, सुरक्षा संच वाटले जातात. भांडी जरूर द्यावीत, कुणाच्या घरात ती चालतात. त्याच पैशांतून प्रत्येक जिल्ह्यात कामाच्या जागेवरची हवा तपासणारे दोन-तीन तज्ज्ञ (इंडस्ट्रियल हायजिनिस्ट), कॉलरला लावायचे पंप, सायनच्या प्रयोगशाळेत गाळण्या तपासायची वाढीव सोय, आणि केईएमच्या छातीविभागात आठवड्यातून एक दिवस 'धंदा विचारणारी' ओपीडी, एवढं सहज बसतं. सुरुवात मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या दगड कापणाऱ्या गाळ्यांपासून करावी. तिथे धूळ सर्वांत घातक आहे आणि उपाय सर्वांत स्वस्त: पाण्याची नळी बसवलेला कटर, शाबूत वायर, आणि करंट गळला की वीज तोडणारा चारेक हजारांच्या आतला एक स्विच.